जुन्या साहसकथांची चित्रे

बदलीच्या नोकरीत ग्रंथसंग्रह करणे हा निव्वळ अव्यवहार होय, हे आम्हांस मान्य आहे. दर तीन-चार वर्षांनी आदेश येतो, बिऱ्हाड मोडते, भांडी पोत्यांत जातात, आणि पुस्तकांची पेटी उचलताना हमालाच्या तोंडून जे उद्गार निघतात त्यांचा अर्थ कळण्यास त्या प्रांताची भाषा येण्याची गरज नसते. त्यातून आमचा संग्रह कायद्याच्या वा परीक्षांच्या पुस्तकांचा असता तर सहकाऱ्यांनी समजून घेतले असते. तो आहे मुलांसाठी लिहिलेल्या साहसकादंबऱ्यांच्या जुन्या सचित्र आवृत्त्यांचा. तेव्हा ही पुस्तके मुलांसाठी घेता काय, असा प्रश्न येतो, आणि मुलांना आम्ही त्यांस हात लावू देत नाही असे सांगितले की समोरचा गृहस्थ आमच्याविषयी काही एक मत करून घेऊन चहाकडे वळतो.

हा छंद जगभर पुष्कळांस आहे, व त्याचा एक बाजारही आहे. त्या बाजारात पहिली छपाई कोणती, कागदी वेष्टण शाबूत आहे की नाही, पाठीवरचे सोनेरी अक्षर किती झिजले आहे, यांवर किंमत ठरते. आमच्या पगारात त्या बाजाराच्या दारापर्यंतही जाता येत नाही. म्हणून आम्ही फाटक्या, मागाहून छापलेल्या, शाळेच्या बक्षिसाचा कागद चिकटवलेल्या प्रतींवर समाधान मानतो. परंतु या दारिद्र्याने आमचा एक लाभ झाला. प्रत कितव्या छपाईची, हा प्रश्न आमच्यापुरता निकालात निघाल्यामुळे दुसराच प्रश्न विचारण्यास आम्ही मोकळे झालो: या चित्रकाराने ही कादंबरी वाचली होती काय, आणि वाचली असल्यास त्यास तीत काय दिसले? सचित्र आवृत्तीची परीक्षा याच प्रश्नाने व्हावी असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात ती परीक्षा आम्ही दोन ग्रंथकारांपुरती करणार आहोत, स्टीव्हन्सन आणि ज्यूल व्हर्न.

‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीचा जन्मच मुळी एका चित्रातून झाला. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे स्टीव्हन्सनचे कुटुंब पावसाने घरात कोंडले गेले होते. सावत्र मुलगा लॉइड रंगांशी खेळत होता. त्याच्या संगतीने स्टीव्हन्सनने एका बेटाचा नकाशा काढला, आणि त्या नकाशातल्या खाड्या-टेकड्यांतून पात्रे बाहेर पडू लागली. कथा ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात १८८१-८२ मध्ये कॅप्टन जॉर्ज नॉर्थ या टोपणनावाने क्रमशः आली, व १८८३ साली कॅसेल या प्रकाशनसंस्थेने तिचे पुस्तक केले. मौज अशी की, पुस्तकासाठी पाठविलेला तो मूळ नकाशा वाटेतच हरवला. मग स्टीव्हन्सनला स्वतःचीच कादंबरी समोर घेऊन, तीत दिलेली अंतरे व दिशा टिपून घेऊन, वडिलांच्या कचेरीत तो पुन्हा आखवावा लागला. हा दुसरा नकाशा आपल्याला कधीच खरा वाटला नाही, अशा आशयाचे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. पहिल्या छपाईच्या मागे लागलेल्या धनिक संग्राहकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या पहिल्या आवृत्तीसाठी ते पैशाच्या थैल्या मोकळ्या करतात तीतला नकाशाही नक्कलच आहे.

पुढे या कादंबरीस चित्रकार पुष्कळ लाभले. अमेरिकेत १८८४ साली मेरिल, फ्रान्समध्ये १८८५ साली जॉर्ज रू (याचीच चित्रे घेऊन कॅसेलने त्याच वर्षी इंग्रजी सचित्र आवृत्ती काढली), आणि १८९९ साली वॉल्टर पॅजेट. शेरलॉक होम्सला ज्याने चेहरा दिला त्या सिडनी पॅजेटचा हा भाऊ. पॅजेटची चित्रे असलेली एक प्रत आमच्याकडे आहे. तीत जहाजाचे दोर जेथे हवेत तेथे आहेत, कोटांची बटणे काळास धरून आहेत, आणि मजकुरात जो जेथे उभा आहे असे लिहिले आहे तो चित्रातही तेथेच उभा आहे. काम चोख आहे. परंतु ते पाहताना आम्हांस आमच्या कचेरीतल्या फाइली आठवतात. खाली आलेल्या पत्रात जे लिहिले असते तेच वरच्या टिप्पणीत पुन्हा लिहिणारा एक कारकून प्रत्येक विभागात असतो. त्याची चूक कोणी काढू शकत नाही, आणि त्याची टिप्पणी कोणी वाचतही नाही. पॅजेटच्या चित्रांत आम्हांस हा दोष दिसतो. मजकूर वाचल्यावर ती पाहण्याचे कारण उरत नाही.

याउलट १९११ साली न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर संस्थेने काढलेली एन. सी. वायेथ याच्या चित्रांची आवृत्ती. काळे कापड, वर चिकटविलेले रंगीत चित्र, आणि आत पानभर रंगीत चित्रे. वायेथ त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होता. हॉवर्ड पाइल या थोर चित्रकार-गुरूच्या हाताखाली तो शिकला होता, आणि चित्राबाहेर उभे राहून चित्र काढू नका, आत जाऊन राहा, ही त्या गुरूची शिकवण होती. ‘ट्रेझर आयलंड’साठी त्याने सतरा तैलचित्रे रंगविली, तीही सुमारे सत्तेचाळीस इंच उंच व अडतीस इंच रुंद अशी, माणूस समोर उभा राहिला तर चित्रातला चाचा त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवील एवढी. २,५०० डॉलर मिळाले. त्या पैशाच्या बळावर पेनसिल्व्हानियातील चॅड्स फोर्ड येथे त्याने अठरा एकर जमीन घेऊन घर व चित्रशाळा बांधली. मुलांच्या पुस्तकाच्या चित्रांवर घर उभे राहिल्याचे उदाहरण आमच्या ऐकिवात दुसरे नाही.

वायेथच्या आवृत्तीची एक प्रत आम्हांस दिल्लीत मिळाली, २०१७ साली, दर्यागंजच्या रविवारच्या बाजारात. तेव्हा तो बाजार पदपथावर भरत असे. २०१९ साली तेथून उठून तो महिला हाटच्या आवारात गेला. हिवाळ्याची सकाळ होती. अभियांत्रिकीच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाखालून ते काळे कापड दिसले, आणि आम्ही शक्य तेवढा उदासीन चेहरा करून किंमत विचारली. विक्रेता आमच्याहून मुरलेला होता. प्रत फार मागाहूनची होती, ठसे झिजल्यानंतरची. निळा रंग काळ्याकडे झुकलेला, चेहऱ्यांवर काजळी. तेच पुस्तक, तीच चित्रे, म्हणून मागाहूनच्या छपाईची शिफारस करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, चार फुटी तैलचित्र वीतभर पानात उतरवितानाच निम्मे हरवते, आणि ठसा झिजला की उरलेल्यातलेही बरेचसे जाते. म्हणजे छपाईचा क्रम पाहणारा संग्राहक अगदीच चूक नसतो. तो कशासाठी पाहतो एवढाच प्रश्न आहे.

घरी येऊन आम्ही चित्रांची सूची व चित्रे ताडून पाहिली (ही खोड कचेरीची), तेव्हा एक चित्र कमी निघाले. कोणी तरी पात्याने ते बुडापासून कापून घेतले होते. जुन्या सचित्र पुस्तकांच्या नशिबी हे नेहमीच येते. सबंध पुस्तकास येणार नाही एवढी किंमत सुट्या, चौकटीत बसविलेल्या चित्रांस येते, म्हणून पुस्तके चिरली जातात. सूचीत नाव तेवढे राहिले होते: जिम हॉकिन्स घर सोडून निघतो त्या प्रसंगाचे चित्र.

हे चित्र कसे असेल याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. मान ताठ, नजर समुद्राकडे, वाऱ्याने उडणारे केस, असा एक जिम आम्ही मनाशी रंगविला होता. पुढे केव्हा तरी चांगल्या प्रतिकृतीत ते मूळ चित्र पाहावयास मिळाले, आणि आमची फजिती झाली. मुलगा आपल्याकडे चालत येत आहे, हातात गाठोडे. त्याच्या मागे, उन्हाने उजळलेल्या घरापाशी, आई पदरात तोंड घालावे तसे एप्रनमध्ये तोंड घालून रडत आहे. मुलगा वळून पाहत नाही. किंवा वळण्याचे धैर्य त्याला नाही.

आता मजकुराकडे पाहू. स्टीव्हन्सनने हा निरोप एका ओळीत उरकला आहे. आई रडली असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. रडतो तो जिम, तोही निरोपाच्या क्षणी नव्हे. आईच्या मदतीसाठी जमीनदाराने एक पोरगा कामास आणून ठेवलेला असतो. त्या गबाळ्या, अनोळखी पोराला आपल्या जागेवर पाहताच जिमच्या डोळ्यांत प्रथम पाणी येते, आणि मग तो त्या बिचाऱ्याला दिवसभर छळतो. स्टीव्हन्सनची थोरवी अशा जागी दिसते. घर सोडण्याचे दुःख त्याने मत्सराच्या रूपाने दाखविले, आणि ते लगेच बाजूस सारून गलबत गाठले. वायेथने ते अश्रू मुलाच्या डोळ्यांतून काढून आईच्या डोळ्यांत ठेवले.

हे न्याय्य झाले काय? साहित्याच्या कसोटीवर पाहता स्टीव्हन्सनचे अश्रू अधिक अस्सल आहेत यात आम्हांस शंका नाही. आमची पहिली नेमणूक झाली तेव्हा आमच्या मातोश्री स्थानकावर रडल्या नाहीत. त्या सामानाचे नग मोजीत होत्या, आणि एक नग कमी भरत असल्याने त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. आम्हीही कोरडे होतो. दिवाळीत पहिल्यांदा घरी गेलो, आणि आमच्या खोलीत, आमच्या खाटेवर, शिक्षणासाठी येऊन राहिलेला चुलत्यांचा मुलगा आमचीच उशी पाठीशी घेऊन वाचत बसलेला दिसला. तो आईला मदत करीत होता, बाजार आणीत होता, सर्व दृष्टींनी सद्गुणी होता. त्याच्याशी आम्ही चार दिवस जे वागलो ते येथे सांगण्यासारखे नाही. म्हणून म्हणतो की, स्टीव्हन्सनला हे माहीत होते.

परंतु वायेथला जे माहीत होते तेही खोटे नाही. तो १९०२ साली मॅसॅच्युसेट्समधील नीडम हे आपले गाव सोडून पाइलकडे शिकावयास आला, आणि त्याच्या पत्रांतून घराची, विशेषतः आईची, ओढ अखेरपर्यंत वाहत राहिलेली आहे. घर सोडणाऱ्याला त्या क्षणी जे दिसत नाही ते वायेथने काढले. जिमच्या पाठीमागे काय चालले आहे हे जिमला दिसत नाही, पाहणाऱ्यालाच दिसते. कादंबरी जिमने सांगितलेली असल्यामुळे स्टीव्हन्सनला ते लिहिण्याची सोय नव्हती. निवेदकाच्या पाठीमागे जाणे चित्रकारालाच शक्य होते, आणि तो गेला. चित्रकाराने मजकुराशी प्रामाणिक असावे असे म्हणणाऱ्यांस आमचे उत्तर हे आहे. मजकुरात जे आहे त्याची पुन्हा नोंद करणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. मजकुराने जेथे तोंड मिटले तेथे चित्रकाराने बोलावे. मात्र मजकुराला ठाऊक नसलेले काही बोलू नये.

या दृष्टीने त्याच मालिकेतील आंधळ्या प्यूचे चित्रही पाहण्यासारखे आहे. हा प्यू कादंबरीतला अत्यंत भीतिदायक माणूस. त्याच्या काठीच्या टकटकीने आमची एक पिढी झोपेत दचकली असेल. दुसरा कोणी असता तर त्याने प्यूला जिमचे मनगट पिळताना दाखविले असते. वायेथ त्याचा शेवटचा क्षण निवडतो. साथीदार टाकून पळाले आहेत, रात्र आहे, चांदणे स्वच्छ पडले आहे, आणि आंधळा रस्त्यावर एकटा काठी पुढे करून हात हवेत चाचपडत आहे. त्या चांदण्याचा त्याला काडीचा उपयोग नाही. थोड्याच वेळात तो घोड्यांच्या टापांखाली जाणार आहे. कादंबरीने ज्याचा आपल्याला तिरस्कार करावयास लावला त्याची दया येण्यासही चित्र भाग पाडते. लाँग जॉन सिल्व्हर जिमला दोरीने बांधून, दरवेशी अस्वल नेतो तसा, वाळूतून ओढीत नेतो ते चित्र आम्ही याच्या खालोखाल मानतो. मुलांच्या लढाईची चित्रे त्या मानाने ठीक आहेत. लढाया कोणीही काढील.

मर्व्हिन पीक या इंग्रज कादंबरीकार-चित्रकाराने १९४९ साली याच कादंबरीस काढलेली काळी रेखाचित्रे काहींना वायेथहून सरस वाटतात. त्यांत रंग नाही, ऊन नाही, समुद्राची मौजही नाही. बारीक रेघांच्या जाळ्यातून माणसे भुतासारखी वर येतात. पीकचे बालपण चीनमध्ये गेले, आणि ही कादंबरी त्याला मुखोद्गत होती म्हणतात. त्याने तीतली भीती वाचली, आणि तेवढीच काढली. आम्हांस ही चित्रे आदरणीय वाटतात, पण रात्री नऊनंतर ते पुस्तक आम्ही उघडीत नाही.

आता व्हर्नकडे वळू. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न आम्ही बालपणी वाचला, आणि हा गृहस्थ कोठल्या तरी परदेशचा आहे हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. त्याच्या मूळ फ्रेंच सचित्र आवृत्त्या हे संग्राहकांचे स्वतंत्र राज्यच आहे. पॅरिसचा प्रकाशक एत्झेल प्रथम लहान आकारात चित्रांविना कादंबरी काढी, आणि वर्षाअखेर, नववर्षाच्या भेटींच्या मोसमात, तीच मोठ्या आकारात, लाकडी ठशांच्या चित्रांसह, लाल कापडावर सोनेरी नक्षीच्या बांधणीत आणी. या बांधण्यांना संग्राहकांनी नावे दिली आहेत. एकीवर दोन हत्ती आहेत म्हणून ती दोन हत्तींची. पुस्तकांवर बहुधा वर्ष छापलेले नसते, म्हणून मागच्या जाहिरातींच्या यादीवरून प्रतीचे वय काढावे लागते, घोड्याचे दातांवरून काढतात तसे. आत मजकूर तोच, चित्रे तीच. पण बांधणीवर कोणता हत्ती कोणत्या रंगाच्या कापडावर आहे यावर किंमत दहापट चढते. हा भाग आम्ही निःश्वास टाकून सोडून देतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने यांतील कित्येक प्रती आता संगणकाच्या पडद्यावर सर्वांस खुल्या केल्या आहेत. आमच्यासारख्यांचा एत्झेल तेथेच.

या चित्रकारांत लेओं बेनेट या नावाचा एक गृहस्थ आहे, आणि आमच्या वाचकांस त्याची ओळख करून देण्यात आम्हांस विशेष आनंद वाटतो, कारण तो सरकारी नोकर होता. जमीनगहाणांच्या नोंदणीचे खाते. अल्जीरिया, कोचीनचायना, न्यू कॅलेडोनिया, मार्टिनिक अशा बदल्या होत गेल्या, आणि जेथे जाई तेथे तो वह्या भरून झाडे, घरे, होड्या, माणसे काढीत असे. पुढे व्हर्नच्या पंचवीसच्या आसपास पुस्तकांना त्याने चित्रे दिली, आणि त्यांत परदेशांतले रस्ते व झाडझाडोरा जो विश्वासाने उतरला आहे त्यामागे बदलीच्या आदेशांचा हात आहे. दप्तरी कामातून वेळ काढून केलेल्या उद्योगास नावे ठेवणाऱ्या वरिष्ठांना हे उदाहरण दाखविण्यास हरकत नाही. परिणाम होणार नाही, हा भाग निराळा.

पण याच बेनेटच्या एका पुस्तकापाशी आमचा आनंद ओसरतो. १८८० सालची व्हर्नची ‘वाफेचे घर’ ही कादंबरी. तीत इंग्रजांची एक मंडळी पोलादी, वाफेवर चालणाऱ्या, सोंडेतून धूर सोडणाऱ्या यांत्रिक हत्तीला चाकांवरचे दोन बंगले जोडून उत्तर हिंदुस्थानभर फिरते. हत्तीची चित्रे नामी आहेत. ती पाहून कोणाही मुलाचे भान हरपेल. परंतु कादंबरी सुरू होते ती औरंगाबादेत, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावणाऱ्या जाहीरनाम्याने, आणि संपते ती त्या हत्तीच्या स्फोटात नानासाहेबांना ठार करून. इतिहासात १८५७ च्या पराभवानंतर नेपाळच्या तराईत दिसेनासे झालेले नानासाहेब येथे केवळ रक्तपिपासू सूडकरी म्हणून येतात. ब्रह्मावर्तासारख्या परप्रांती वाढलेल्या या पेशव्याविषयी परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात जो एक कोपरा असतो त्याला ही कादंबरी वाचताना इजा होते, हे कबूल केले पाहिजे. कानपूरला इंग्रज स्त्रियांची व मुलांची जी हत्या झाली ती झालीच, तिचे समर्थन आम्ही करीत नाही. पण एका देशाचे सारे दुःख एका राक्षसाच्या खात्यावर लिहून कथेचा हिशेब मिटविणे ही सोयीची कारकुनी झाली.

नवल हे की, ज्याने हे लिहिले त्यानेच पाच-सहा वर्षांपूर्वी कॅप्टन नेमोचे रहस्य उलगडले होते. ‘गूढ बेट’ या कादंबरीच्या शेवटी नेमो आपले खरे नाव सांगतो: राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा पुतण्या. (म्हैसूरच्या टिपूचा पुतण्या बुंदेलखंडात राजपुत्र कसा झाला, हे व्हर्नला विचारू नये.) १८५७ च्या उठावात तो लढला, बायकामुले गमावून बसला, आणि समुद्रात उतरला. जगातल्या मुलांनी ज्याच्यावर सर्वांत अधिक प्रेम केले तो साहसकथेचा नायक सत्तावनचा बंडखोर निघाला!

परंतु त्याचा चेहरा? ‘समुद्राखाली वीस हजार कोस’ या कादंबरीची सचित्र आवृत्ती १८७१ ची. चित्रे रिऊ व द न्यूव्हिल यांची. तीत नेमो सरळ सरळ युरोपियन आहे. व्हर्नने स्वतः सुचविले की, नेमोसाठी कर्नल शारास यांचा चेहरा घ्यावा, आणि प्राध्यापक आरोनाक्ससाठी तर खुद्द व्हर्नचाच चेहरा घेतला गेला. प्रथम नेमोला रशियाच्या झारशी वैर असलेला पोलिश सरदार करण्याचा व्हर्नचा बेत होता. प्रकाशकाने तो मोडला, आणि नेमो देशाविनाच छापला गेला. तो हिंदी आहे हे चित्रकाराला माहीत नव्हते, कारण ते तेव्हा लेखकालाही माहीत नव्हते. ‘गूढ बेटा’ची चित्रे फेराने काढली तोवर चेहरा जगभर ठरून गेला होता. डक्कर हे नाव मागाहून आले. त्यास बसण्यासाठी चेहरा उरला नव्हता. चित्राची सत्ता कोठवर चालते याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. मजकूर स्वच्छ शब्दांत सांगतो की हा बुंदेलखंडचा आहे, आणि तरीही डोळे मिटले की आजही आम्हांस फ्रेंच कर्नलच दिसतो.

पण शारास कोण होता हे आम्ही शोधून पाहिले तेव्हा आमचा राग पुष्कळसा निवळला. तो प्रजासत्ताकाचा कट्टर पुरस्कर्ता. तिसऱ्या नेपोलियनने राज्य बळकावले तेव्हा त्याने मान तुकविली नाही, हद्दपार झाला, आणि १८६५ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे मरण पावला. मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. डक्करला चेहरा उसना द्यावयाचाच होता तर त्याहून शोभणारा कोणाचा मिळाला असता, हे आम्हांस सांगता येत नाही.

इंग्रजी भाषांतरकारांनी मात्र असे काही औदार्य दाखविले नाही. किंग्स्टन यांच्या नावावर असलेले ‘गूढ बेटा’चे भाषांतर दीर्घकाळ इंग्रजीत चालले, आणि आमच्या पेटीतली प्रतही त्याच भाषांतराची आहे. तीत डक्करच्या तोंडची कहाणी पार फिरविलेली आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानात शांतता व समृद्धी आणली, आणि अज्ञानी लोकांना कारस्थानी राजांनी फूस लावली, असा सूर तेथे लागतो. मूळ फ्रेंच मजकुराचा रोख नेमका उलट आहे. बरे, खुद्द एत्झेलही निर्दोष नाही. मरताना नेमोच्या तोंडी व्हर्नने स्वातंत्र्य हा एकच शब्द लिहिला होता. प्रकाशकाने तो बदलून देव आणि देश यांना तेथे आणून बसविले. एका हिंदी माणसाचा शेवटचा शब्द पॅरिसमध्ये एकाने बदलला व त्याची कहाणी लंडनमध्ये दुसऱ्याने, आणि त्या दोन्ही पुस्तकांच्या सोनेरी पाठी संग्राहकांच्या कपाटांत झळकत असतात. प्रतीची अवस्था उत्तम, पाने स्वच्छ, डाग नाहीत, असे वर्णन विक्रीपत्रकात असते. हा डाग त्यांच्या यादीत येत नाही.

मराठीत या कादंबऱ्या आल्या तेव्हा चित्रांकडे आमच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. आमच्याजवळच्या जुन्या मराठी साहसकथांपैकी कित्येकांत चित्रकाराचे नावच सापडत नाही. कोपऱ्यात एखादी अस्पष्ट सही असते, तीही ठसा कापताना अर्धी गेलेली. ज्याने आमच्या बालपणी होड्या, गुहा आणि खलनायक डोळ्यांसमोर उभे केले त्याचे आम्ही आभारही मानू शकत नाही. डक्करला बुंदेली चेहरा देण्याची संधी ज्या भाषांना होती त्यांत मराठी अग्रभागी होती. कोणी दिला असेल तर ती प्रत आमच्या हाती अद्याप आलेली नाही. कोणा वाचकाच्या घरी असल्यास संपादकांकरवी कळवावे, आम्ही योग्य ती किंमत देऊ, म्हणजे आमच्या दृष्टीने योग्य.

गेल्या महिन्यात पुन्हा आदेश आला. पेटी भरताना ‘वीस हजार कोस’ची आमची स्वस्त प्रत उघडली, तीत एत्झेलचीच चित्रे पुन्हा छापलेली आहेत. ज्या पानावर नेमो हाताची घडी घालून उभा आहे तेथे कोणी तरी पेन्सिलीने त्याच्या डोक्यावर मोठा फेटा बांधला होता. शेमला खांद्यावर आलेला, कपाळावर गंध, आणि मिशांना दोन्ही बाजूंनी पीळ. कन्येस बोलावून विचारले. ती आठ वर्षांची आहे. बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना तो आपल्याकडचा आहे, असे तिने सांगितले, आणि रागावणार असाल तर खोडरबर आणते, असेही. अशा प्रतीची बाजारात काही किंमत राहत नाही. खोडरबर आम्ही आणविले नाही. फेटा बुंदेलखंडी नसून थेट कोल्हापुरी आहे एवढे तिला सांगितले, आणि पुस्तक पेटीत वायेथच्या शेजारी ठेवले.